निवडणूक आयोगात जनसंपर्काचं काम: सारखे सारखे येणारे प्रश्न

मी आधी जिल्ह्यात आणि नंतर मुंबईत निवडणुकीच्या माध्यम कक्षात काम केलंय. जर्नलिझमची मुलं, माहिती खात्यात नवीन लागलेले सहकारी, स्वीपच्या (मतदार जागृतीचा कार्यक्रम) ड्युटीवर टाकलेले शिक्षक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एक लक्षात असू द्या, नियम बदलत राहतात, त्यामुळे ड्युटीवर असाल तर त्या निवडणुकीचं ताजं परिपत्रक जवळ ठेवाच.

१. आयोगाचा जनसंपर्क म्हणजे प्रेस नोट काढायची, एवढंच ना?

नाही हो. प्रेस नोट अर्ध्या तासात होते, बाकीचा दिवस फोनवर जातो. मतदाराला नाव कुठे शोधायचं ते सांगायचं, पत्रकारांना आकडे द्यायचे, पक्षांच्या बैठकीत काय ठरलं ते नीट लिहून सगळ्या पक्षांना सारखंच पाठवायचं, टीव्हीवर चुकीचं काही चाललं तर ते लगेच दुरुस्त करून घ्यायचं, जाहिरातींच्या समितीचं काम बघायचं. निवडणूक नसते तेव्हा मतदार नोंदणीची शिबिरं, कॉलेजं, आणि २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस. तो २०११ पासून साजरा होतो, कारण भारत निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० ला स्थापन झाला. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच सांगतो, आपण सरकारची बाजू मांडणारे नाही आणि आयोगाची जाहिरात करणारेही नाही, प्रक्रिया कशी चालते ते लोकांना कळेल असं सांगणं हे आपलं काम.

२. राज्य निवडणूक आयोग आणि भारत निवडणूक आयोग एकच का?

एकच नाहीत, आणि निम्मे फोन याच गोंधळातून येतात. लोकसभा, विधानसभा, राज्यसभा, विधान परिषद हे सगळं भारत निवडणूक आयोगाकडे, घटनेच्या कलम ३२४ प्रमाणे. त्यांचे राज्यातले अधिकारी म्हणजे मुख्य निवडणूक अधिकारी, जिल्ह्यात कलेक्टर. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, महापालिका या राज्य निवडणूक आयोगाकडे. पंचायती आणि नगरपालिकांबद्दलची ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली त्यानंतर, १९९४ मध्ये आपल्या महाराष्ट्राचा आयोग सुरू झाला. गोव्याचाही स्वतःचा वेगळा राज्य आयोग आहे.

लोकांना हे माहीत नसतं यात त्यांची काही चूक नाही. तेच कलेक्टर ऑफिस, तीच शाळा, तेच गुरुजी टेबलाला बसलेले, मग आयोग दोन आहेत हे कळणार कसं? म्हणून फोनवर "हा विषय आमच्याकडे नाही" म्हणून ठेवून द्यायचं नाही, कुणाकडे आहे ते सांगायचं. मतदार यादी आणि लोकसभा-विधानसभेसाठी १९५० ही हेल्पलाइन आहे, स्थानिकसाठी राज्य आयोगाची यंत्रणा वेगळी.

३. या कामाला लागायचं कसं? स्वतंत्र भरती असते का?

आयोगाचा स्वतःचा कायमचा स्टाफ छोटा असतो. बहुतेक माणसं माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातून आलेली असतात, म्हणजे जिल्हा माहिती अधिकारी, सहायक संचालक वगैरे, आणि त्या पदांसाठी एमपीएससीची जाहिरात निघते. दुसरा रस्ता कंत्राटी, निवडणुकीच्या काळात डिझाइन, व्हिडिओ, सोशल मीडियासाठी एजन्सीमार्फत माणसं घेतात. तिसरा रस्ता म्हणजे ड्युटी लागणं, स्वीपचे नोडल अधिकारी अनेकदा झेडपीतले किंवा शिक्षण विभागातले असतात. कायद्याची एक गोष्ट समजून घ्या, लोकसभा-विधानसभेच्या कामाला लावलेला राज्य सरकारचा कर्मचारी निकालापर्यंत भारत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असं लोकप्रतिनिधित्व कायदा मानतो. त्या काळात तुमचा नेहमीचा साहेब वेगळं काही सांगत असेल तरी जबाबदारी आयोगापुढे असते.

४. मी दोन वर्षं एका पक्षाचं फेसबुक पेज बघत होतो. आता कंत्राटी काम मिळतंय, सांगू की गप्प बसू?

सांगा, मुलाखतीतच सांगा. जुनं काम हा गुन्हा नाही, लपवलेलं जुनं काम मात्र नंतर आख्ख्या ऑफिसला भोवतं, कारण ऐन प्रचारात कुणीतरी तुमचा जुना फोटो काढणार आणि त्या दिवसापासून तुम्ही केलेली प्रत्येक पोस्ट लोक त्या चष्म्यातून बघणार. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेतच, पक्षाचं सदस्यत्व, प्रचार काही चालत नाही. मतदान मात्र जरूर करायचं, फक्त कुणाला केलं ते बोलायचं नाही. आणि घरच्या ग्रुपवर "यंदा यांचंच येणार" असं गमतीतही टाकू नका, स्क्रीनशॉट कुठेही पोचतो.

५. लोक तोंडावर विचारतात, "आयोग खरंच स्वतंत्र आहे का?" काय उत्तर द्यायचं?

चिडायचं नाही. मतदाराचा तो हक्काचा प्रश्न आहे. जे आहे ते सांगायचं, दोन्ही बाजूंचं.

संरक्षण काय आहे? मुख्य निवडणूक आयुक्तांना सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांसारखीच प्रक्रिया केल्याशिवाय काढता येत नाही, राज्य निवडणूक आयुक्तांना हायकोर्टाच्या न्यायाधीशांसारखी. मग वाद कुठे आहे? नेमणुकीवर. २०२३ च्या कायद्यानं केंद्रातल्या नेमणुकीसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि एक केंद्रीय मंत्री अशी समिती केली, त्यावर टीका झाली, प्रकरण कोर्टात गेलं. राज्य आयुक्त राज्यपाल नेमतात. शिवाय दोन्ही आयोगांना माणसं, गाड्या, शाळा हे सगळं राज्य सरकारकडूनच घ्यावं लागतं.

आणि आपल्याच राज्यातला एक प्रसंग नव्या माणसाला माहीत हवा. मार्च २००८ मध्ये तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विधानसभेनं हक्कभंगाबद्दल २ दिवसांची कैद दिली होती, आणि वादाचं मूळ आयोगाच्या अधिकारांबद्दल त्यांनी केलेल्या विधानांत होतं. घटनात्मक पदावरचा माणूस जेलमध्ये गेला. हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो, कारण स्वातंत्र्य कागदावर असलं तरी ते रोजच्या रोज सांभाळावं लागतं, आणि आपण ज्या शब्दात बोलतो तेही त्यात येतं.

६. संध्याकाळी एक टक्केवारी आणि सकाळी दुसरीच, रात्रीतून मतं वाढतात कशी?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी ५ चा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६ च्या वर गेला. विरोधी पक्षांनी त्यावर मोठे प्रश्न उभे केले, आयोगानं उत्तरं दिली, कोर्टातही गोष्ट गेली. त्या वादात कोण बरोबर हे सांगणं जनसंपर्कवाल्याचं काम नाही. आकडा तयार कसा होतो ते सांगणं हे आहे.

दिवसभर जे आकडे येतात ते मशीनमधून आपोआप येत नाहीत. केंद्रावरचा माणूस ठराविक वेळेला सांगतो इतकी मतं झाली, ते सेक्टर अधिकाऱ्याकडे (काही केंद्रं मिळून एक असतो) जातं, तिथून मतदारसंघाच्या ऑफिसात, मग ते भरलं जातं. काही केंद्रांचा आकडा त्या तासाला पोचतच नाही, मग जेवढा आलाय तेवढ्यावरच टक्केवारी निघते. दुसरं म्हणजे ५ नंतर एक तास मतदान चालू असतं (गडचिरोलीसारख्या भागात मात्र ३ लाच संपतं). तिसरं, ६ वाजता जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतात म्हणजे नंतर कुणी घुसू नये. अशा रांगा कधी कधी बराच उशिरापर्यंत चालतात. त्यानंतर पथक साहित्य जमा करायला येतं, कागद तपासले जातात, आणि मग अंतिम आकडा.

या सगळ्यात पक्का कागद एकच, फॉर्म १७-सी. त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली ते त्यात लिहिलेलं असतं, टक्क्यात नाही, आकड्यात, आणि मतदान संपल्यावर त्याची प्रत तिथे हजर असलेल्या पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीला, द्यायची असते. मतमोजणीच्या टेबलावर हाच आकडा ताडून बघतात. त्यामुळे शंका असणाऱ्याला "विश्वास ठेवा" म्हणू नका, तुमच्या एजंटकडे १७-सी आहे का ते बघा असं सांगा.

आता आमची चूक सांगतो. एका निवडणुकीत आमच्या कक्षानं संध्याकाळचा आकडा मोठ्या अक्षरात टाकला आणि "अंदाजे" हा शब्द राहिला. दुसऱ्या दिवशी आकडा वाढला आणि आठवडाभर आम्ही फक्त खुलासेच करत बसलो. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, प्रत्येक बुलेटिनवर वेळ आणि "अंदाजे" हे दोन्ही शीर्षकातच हवं, आणि मतांची संख्यासुद्धा जितक्या लवकर देता येईल तितकी द्यावी. २०२४ च्या लोकसभेला भारत निवडणूक आयोगानं पहिल्या ५ टप्प्यांची मतसंख्या जाहीर केली ती २५ मे ला, तोपर्यंत किती दिवस नुसत्या टक्क्यांवर चर्चा झाली आठवून बघा. उशीर झाला की मधल्या वेळात लोक आपापलं उत्तर शोधतात, आणि ते उत्तर नंतर पुसता येत नाही.

७. महापालिकेला यादीत नाव नाही, तुम्ही लोकांनीच काढलं ना?

राज्य आयोग नावं घालतही नाही आणि काढतही नाही. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी घेतात, एका ठराविक तारखेची, आणि ती प्रभागाप्रमाणे तोडतात. तोडताना इमारत भलत्याच प्रभागात गेली तर हरकत घेऊन ते दुरुस्त होतं. पण मूळ विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर त्या वेळी काहीच होत नाही. नवीन नावासाठी फॉर्म ६, नाव वगळण्यासाठी ७, पत्ता किंवा तपशील बदलायला ८, हे सगळं आधीच करून ठेवावं लागतं. १८ पूर्ण धरायच्या तारखा आता वर्षात ४ आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नाव यादीत असेल पण मतदार कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका, दुसरी ओळखपत्रं चालतात.

८. दुबार नावांचं काय करता?

दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. पण एकसारखं नाव म्हणजे एकच माणूस असंही नसतं, एकेका तालुक्यात एकाच नावाचे किती जण सापडतील सांगता येत नाही. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य आयोगानं संशयित दुबार नावांपुढे दोन तारे टाकायला सांगितले आणि त्या मतदारांकडून कुठे मत देणार ते लिहून घ्यायचं ठरवलं. फोनवर हे समजावताना "बोगस" हा शब्द वापरू नका, समोरच्या म्हातारीचं नाव फक्त घर बदलल्यामुळे दोनदा आलेलं असतं.

अपवाद विचाराल तर चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली १४ गावं. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा, लोकांची नावं दोन्हीकडच्या याद्यांत, दोन्हीकडची रेशनकार्डं. तिथे जाऊन "एकच नाव ठेवा" म्हणणं सोपं आहे, पण मुळात सीमेचाच प्रश्न सुटलेला नाही आणि त्याची किंमत तिथल्या माणसानं का मोजायची?

९. आचारसंहिता लागली की आमचं जनजागृतीचं पेज बंद करायचं का?

नाही, उलट तेव्हाच जास्त काम. बंद होतात त्या सरकारी योजनांच्या जाहिराती, मंत्र्यांचे फोटो, नव्या घोषणा. ही आचारसंहिता स्वतः कायदा नाहीये, १९६० ला केरळात पक्षांनी मान्य केलेल्या नियमांपासून ती सुरू झाली. जुन्या पोस्टमध्ये मंत्र्यांचा फोटो राहिला असेल तर तो पहिल्याच दिवशी शोधून काढा. तक्रार करणारे नक्की शोधतात.

१०. कुठल्या जाहिरातीला आधी परवानगी लागते?

टीव्ही, केबल, रेडिओ, सोशल मीडियावरच्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती, बल्क एसएमएस आणि व्हॉइस मेसेज या सगळ्यांना माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र लागतं. मूळ २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशात आहे. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा, बाकीच्यांनी ७ दिवस. पेपरमधल्या जाहिरातीला एरवी लागत नाही, पण मतदानाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी छापायची असेल तर लागते, आणि हे दर वेळी कुणीतरी विसरतंच. सोशल मीडियावर स्वतःच्या पेजवर तुम्ही लिहिलेलं मत म्हणजे जाहिरात नाही. हे सगळं लोकसभा-विधानसभेचं झालं, स्थानिकसाठी राज्य आयोगाचा वेगळा आदेश असतो.

११. नोटा जिंकला तर फेरनिवडणूक होते म्हणतात, खरं का?

कुठली निवडणूक त्यावर आहे (प्रश्न २ परत वाचा). २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हे बटण, आलं. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता, २७ हजारांच्या आसपास मतं, निकालावर परिणाम शून्य. महाराष्ट्राच्या स्थानिक निवडणुकीसाठी मात्र राज्य आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक. म्हणजे व्हायरल मेसेज अर्धा खरा असतो, आणि अर्धा खरा मेसेज दुरुस्त करणं पूर्ण खोट्यापेक्षा अवघड जातं.

१२. प्रभागात ४ जागा आहेत, पण मला एकालाच मत द्यायचंय. जमतं का?

मुंबईत प्रभागात एकच जागा असते, बाकी बहुतेक महापालिकांत ३-४. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. एकाला मत देऊन निघून जाता येत नाही, सगळ्या जागांचं बटण दाबल्याशिवाय मशीन मत पूर्ण धरत नाही. कुणीच नको असेल त्या जागेला नोटा दाबा. ही गोष्ट केंद्राबाहेरच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर आत माणूस गोंधळतो, रांग थांबते आणि बाहेर "मशीन बंद पडली" अशी बातमी होते.

१३. विधानसभेला व्हीव्हीपॅट होतं, महापालिकेला का नाही?

राज्य आयोगानं दिलेलं कारण म्हणजे एका प्रभागात अनेक जागा असल्यामुळे येणारी तांत्रिक अडचण (प्रश्न १२ बघा). विधानसभेला व्हीव्हीपॅटमध्ये आपण दिलेल्या मताची छापील चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मशीनशी ताडून बघतात. तांत्रिक अडचणीचं हे कारण लोकांना पटतंच असं नाही. मलाही वाटतं यावर आयोगानं अजून मोकळेपणानं बोलायला हवं. पण म्हणून फोनवर आपण स्वतःचं मत द्यायचं नाही, कारण सांगायचं आणि निवेदन कुठे द्यायचं तेही सांगायचं.

१४. व्हायरल व्हिडिओ आला की लगेच "अफवा" म्हणून टाकू का?

अजिबात नाही, आधी तपासा. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं बातम्या आणि व्हिडिओतून समोर आलं. आयोगानं अहवाल मागवले आणि दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. तेव्हा कुणी घाईत "अफवा" लिहून मोकळं झालं असतं तर? तपास चालू असताना एवढंच लिहा: "हा व्हिडिओ आमच्यापर्यंत पोचलाय, अमुक अधिकारी तपासतायत, अमुक वाजता माहिती देऊ." आणि त्या वेळेला खरंच द्या, सांगण्यासारखं काही नसलं तरी "अजून तपास चालू आहे" एवढं तरी लिहा.

१५. सेलिब्रिटी आणले की मतदान वाढतं का?

२०२३ मध्ये सचिन तेंडुलकरला आयोगानं नॅशनल आयकॉन केलं, लोक बघतात, चांगलंच आहे. पण २०२४ ला कुलाब्यासारख्या भागात ५० टक्केही मतदान झालं नाही आणि गडचिरोली जिल्ह्यात ७० च्या वर गेलं, जिथे काही केंद्रांवरची पथकं हेलिकॉप्टरनं न्यावी लागतात. माझा अनुभव असा की केंद्र जवळ असणं, रांगेत बसायला खुर्ची, प्यायला पाणी, आणि नाव यादीत सापडणं हे जास्त कामाचं. तेव्हा मुंबई-पुण्यात मोठ्या सोसायट्यांमध्येच केंद्रं दिली ते मला पोस्टरपेक्षा जास्त पटलं. ८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना फॉर्म १२-डी भरून घरून मत देता येतं, हे कित्येक घरांत अजून माहीत नाही, त्यावर खर्च करा. आणि मेळघाटात कोरकूत, भामरागडला माडियात बोलणारा माणूस माइकवर हवा, पुस्तकी मराठीतली जिंगल नको.

१६. मी दुबईला असतो, तिथून ऑनलाइन मत देता येईल?

ऑनलाइन नाही. भारतीय पासपोर्ट असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म ६-ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं, पण मतदानाला स्वतः यावं लागतं, पासपोर्ट घेऊन.

१७. ओळखीचा पत्रकार "ऑफ द रेकॉर्ड सांग ना" म्हणतो, काय करू?

आयोगाच्या कामात ऑफ द रेकॉर्ड असं काही ठेवू नका. एकाला दिलेली माहिती सगळ्यांना त्याच वेळी द्या, मोठ्या चॅनेलला आधी आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला नंतर असंही नाही. एक्झिट पोलबद्दल तर तोंडही उघडू नका, ठरलेली वेळ संपेपर्यंत तो दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ प्रमाणे बंदी आहे.

१८. मतमोजणीच्या दिवशी आमच्या हातात काय असतं?

संयम. टीव्हीवर आघाडी दिसते म्हणून आपण बोलायचं नाही, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं सही केलेली फेरी आली की तीच वाचायची. माध्यम कक्ष आणि मोजणीचा हॉल यातलं अंतर आधी चालून बघा, एकदा आमच्याकडे फेरीचा कागद यायला २० मिनिटं लागायची आणि तेवढ्यात बाहेर घोषणाबाजी सुरू झाली होती, मग दोन मुलं फक्त कागद आणायला लावली. निकाल लागल्यावर हरलेल्या उमेदवाराचे फोन येतात, त्यांनाही तितक्याच नीट बोला. विधानसभा-लोकसभेची निवडणूक याचिका हायकोर्टात ४५ दिवसांत करायची असते, स्थानिकसाठी त्या त्या कायद्यात कोर्ट वेगळं आणि मुदतही वेगळी आहे, म्हणून "त्याच दिवशी वकिलाला विचारा" हे आवर्जून सांगायचं. रात्री ऑफिस बंद करायच्या आधी सगळ्या फेऱ्यांचे आकडे वेबसाइटवर चढलेत का ते एकदा स्वतः उघडून बघा.